बाबांना खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, आधी त्याकडे बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडील ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षं चालू, साखर काठावर. डॉक्टरांनी सांगितल्यापासून गोड बंद, तेल-तूप बेताचं, रात्री फक्त दूध-भाकरी, आणि रोज सकाळी पाऊण तास न चुकता चालणं. तरी दोन वर्षांत वजन ६४ किलोवरून ५८ वर आलं, सदरे खांद्यावर लोंबायला लागले आणि खुर्चीतून उठताना हातांवर जोर द्यावा लागतो. आई ६७ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलंय. दोघांचं म्हातारपण धडधाकट जावं म्हणून आणखी काय-काय बंद करायला सांगू, असा तुमचा प्रश्न आहे.

मी २८ वर्षं सातारा जिल्ह्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे आणि माझ्याकडचे निम्मे पेशंट साठीच्या पुढचे आहेत. तेव्हा स्पष्टच सांगते, आणखी काहीही बंद करायला सांगू नका. वडिलांनी सोडायचं ते सगळं सोडून झालंय. त्यांच्या अंगातली ताकद हळूहळू निघून चालली आहे, आणि ती टिकवायची तर आता ताटात आणि दिनक्रमात भर घालायला हवी.

त्याआधी एक काम उरका. ठरवून घटवलेलं नसताना ६४ चं ५८ होणं म्हणजे वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा गेला. ‘वय झालं, आता उतरायचंच’ असं म्हणून हे सोडून देऊ नये. तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि छातीचा एक्स-रे एवढं तरी तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या. आपल्याकडे म्हातारपणातला टीबी कधी कधी खोकल्याशिवाय, नुसत्या वजन उतरण्यातून आणि मंदावलेल्या भुकेतून समोर येतो. दात बघून घ्या. कवळी सैल झाली की माणूस तक्रार करत नाही, गुपचूप भाकरीचा कडक पापुद्रा आणि शेंगदाणे बाजूला काढायला लागतो. निवृत्तीनंतर त्यांचं मन कशात लागतंय की नाही, तेही विचारा. या सगळ्यात काही निघालं नाही, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. काही निघालं, तरी त्या उपचारासोबत हे लागेलच.

या रविवारी घरी जाल तेव्हा एक साधी तपासणी करा. हात नसलेली लाकडी खुर्ची घ्या, बसायची उंची साधारण गुडघ्याइतकी. प्लास्टिकची नको, ती सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. बाबांना बसवा, पाय जमिनीवर, दोन्ही हात छातीवर आडवे. तुम्ही शेजारी उभे राहा. ‘चला’ म्हटलं की पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि पूर्ण बसायचं. मोबाईलवर सेकंद मोजा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जे निकष ठरवले, त्यांत १२ किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर शरीराची क्षमता घटली असं धरतात. मग शिंप्याच्या टेपने पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि बायकांत ३३ पेक्षा कमी भरला, तर स्नायू घटल्याची शंका घ्यायची. रक्ततपासणीच्या कागदावर हे कुठेच दिसत नाही, आणि म्हणूनच सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेला माणूस एक दिवस संडासातून उठता येईना म्हणून हाका मारतो.

वयानुसार स्नायू घटण्याला डॉक्टरी भाषेत सार्कोपेनिया म्हणतात. शब्द १९८९ सालचा, म्हणजे तसा अलीकडचाच. चाळिशीच्या आसपास ही घट सुरू होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. स्नायूंच्या वजनापेक्षा त्यांची ताकद जास्त भरभर उतरते. आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी उभा असलेला एक फोटो छापून आला होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या शरीरात स्नायू मुळातच बेताचे आणि चरबी जास्त असते. त्यामुळे ‘बाबा बारीकच आहेत, काळजी नाही’ हा हिशेब चुकतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त स्नायूच ओढून घेतात. ते घटले की काठावरची साखर काठ ओलांडते. म्हणजे वडिलांच्या साखरेसाठीसुद्धा गोड सोडण्याइतकंच मांड्यांकडे लक्ष द्यायला हवं.

मग रोजचं पाऊण तास चालणं? ते मुळीच सोडायचं नाही. हृदयाला, रक्तदाबाला, झोपेला, मनाला त्याच्यासारखं औषध नाही. पण सपाट रस्त्यावर ठरलेल्या चालीने चालताना मांडीच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही, आणि भार पडल्याशिवाय स्नायू वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी जे सांगितलं, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचं चालण्यासारखं काम आहेच. त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव आहे. आपल्याकडे पहिला भाग घरोघरी पोहोचला, बाकीचे दोन राहून गेले.

‘या वयात कसली ताकद वाढणार’ असं बाबा म्हणतील. त्यांना हे सांगा. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धांच्या संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा, वजन लावून, चांगला जोराचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतले लोक होते ते. बहात्तर म्हणजे त्यांच्यापुढे तरुणच.

उलट बाजूही मी घरातच पाहिली आहे. माझे सासरे ७४ व्या वर्षी न्यूमोनियातून उठले, तेव्हा मीच त्यांना सांगितलं होतं की आता महिनाभर निवांत पडून राहा. चहा, जेवण, पेपर, सगळं पलंगावर. छाती स्वच्छ झाली, पण महिन्याने ते उठायला गेले तर पाय थरथरत होते आणि पुढे कधीच ते काठीशिवाय चालले नाहीत. काही वर्षांनी मी एक अभ्यास वाचला: सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांमधलं जवळजवळ एक किलो मांस घटलं. ते वाचून मला झोप लागली नाही. तेव्हापासून ताप उतरला की दुसऱ्या दिवशी पेशंटला खुर्चीत बसवायचं आणि तिसऱ्या दिवशी अंगणापर्यंत न्यायचं, हे मी घरच्यांना चिठ्ठीवर लिहून देते. कुणाला मायेने अंथरुणात ठेवून घेताना दहा वेळा विचार करा.

आता करायचं काय ते सांगते. खुर्चीतून उठ-बस हाच पहिला व्यायाम. सुरुवातीला बसायच्या जागी जाड उशी ठेवा, म्हणजे उंची वाढते आणि हात न टेकता उठता येतं. आठ ते दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा. खाली बसताना धपकन बसायचं नाही, मनात तीन आकडे मोजत टेकायचं, कारण खरा भार त्या उतरण्यात येतो. उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. त्यांना रक्तदाब आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. दोन-तीन आठवड्यांत सोपं वाटायला लागलं की उशी काढा. त्यानंतर हातात एक-एक लिटरची पाण्याची बाटली. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, सहज वीस होत असतील तर त्याने ताकद वाढत नाही. याला जोडून ओट्याला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं आणि घराच्या पहिल्या पायरीवर चढ-उतार. दात घासताना बेसिनला एका हाताने धरून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. सगळं मिळून वीस मिनिटं, एक दिवसाआड. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं आणि दाखवायचं. हृदयाचा त्रास आधीपासून असेल तर सुरू करण्यापूर्वीच विचारायचं.

आईंचं वेगळं सांगते. गुडघे झिजलेत म्हणून हालचाल बंद केली की मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, तो सुकला की गुडघ्याचा आधार जातो, आणि दुखणं वाढतं. हे चक्र मी शेकडो बायकांत पाहिलंय. त्यांना पलंगावर पाय सरळ सोडून बसवा. गुडघ्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबायची, पाच सेकंद धरायचं, सोडायचं. मांडी दगडासारखी घट्ट झालेली हाताला लागली पाहिजे. त्यांचाच हात तिथे ठेवा, म्हणजे त्यांना कळेल. प्रत्येक पायाला दहा-दहा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात थोडं ठणकेल. दीड-दोन महिने नेटाने केलं तर बहुतेकींना जिना चढताना फरक जाणवतो. गुडघा लाल, गरम किंवा सुजलेला असेल तर मात्र आधी तपासून घ्या.

एवढी मेहनत करायची तर पोटातही तसं काही जायला हवं. वडिलांचं दिवसभराचं ताट मी तुमच्या वर्णनावरून मांडून पाहिलं. दोन कप चहा, सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, मूठभर भात, रात्री पेलाभर दूध आणि एक भाकरी. यात प्रथिनं कशीबशी ३५ ग्रॅम होतात. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांतून शरीर स्नायू कमी बनवतं, म्हणून म्हातारपणी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम तरी हवीत. ५८ किलोला ५८ ते ७०. म्हणजे गरजेच्या जेमतेम पन्नास-साठ टक्क्यांवर ते वर्षानुवर्षं चालले आहेत, आणि वर रोज पाऊण तास चालताहेत.

यासाठी डबेवाली पावडर आणायची गरज नाही. न्याहारीला पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं आणि वाटीभर घट्ट दही, किंवा खात असतील तर दोन अंडी. एका अंड्यात ६ ग्रॅम धरा. दुपारी वरणाला डाळ दुप्पट लावा, आणि मटकी, मसूर, चवळी, हुलगे यांतली एक घट्ट उसळ रोज. चार वाजता चहाबरोबर बिस्किटाच्या जागी मूठभर फुटाणे. दात नसतील तर डाळ्यांचं पीठ ताकात कालवून. रात्री त्या भाकरीबरोबर पिठलं किंवा झुणका आणि दूध आहे तेच. मासे खाणारं घर असेल तर बांगड्यासारखं स्वस्त आणि मस्त काही नाही. शेंगदाण्याचं कूट भाजीत सढळ हाताने घाला, तेलाची धास्ती त्यांच्या वजनाच्या माणसाने घेऊ नये. फक्त क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, तर प्रथिनं किती घ्यायची ते किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रात्री हलकं खावं हे मलाही पटतं. पण हलकं म्हणजे लवकर आणि पचेल असं. उपाशी झोपणं त्यात येत नाही.

उपवासाचंही बोलायला हवं, कारण तुमच्या आई बहुधा सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं करत असणार. श्रद्धेला मी हात लावत नाही. साबुदाण्यात मात्र पिष्टाशिवाय जवळजवळ काही नसतं. त्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध असा उपवास केला तर तो दिवस वाया जात नाही. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या दिवशी त्यांचं काय करायचं, ते आधी विचारून ठेवा. निर्जळी एकादशीला साखर उतरून बेशुद्ध झालेले पेशंट मी दरवर्षी बघते.

शाकाहारी घरात बी-१२ तपासाच. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी घटतं. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा ही सगळी ‘वयाची’ म्हणून सोडून दिलेली लक्षणं काही जणांत बी-१२ भरून काढल्यावर सुधारतात, मात्र फार उशीर व्हायला नको. मिठाबद्दल वडिलांना ठाऊक आहेच. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाणही मोजायचं.

आता पडण्याबद्दल. खुब्याचं हाड मोडलं की चालतं-बोलतं घर एका रात्रीत बदलतं, आणि पुष्कळ जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. माझ्या दवाखान्यात मी दर सहा महिन्यांनी सगळ्या आजी-आजोबांना घरातली औषधं पिशवीत भरून आणायला सांगते. मागे एका काकांनी किराण्याच्या कापडी पिशवीतून चौदा स्ट्रिपा टेबलावर ओतल्या. त्यांत रक्तदाबाचं एकच औषध तीन वेगवेगळ्या नावांनी होतं, तीन डॉक्टरांनी तीन वेळा दिलेलं, आणि काका इमानाने तिन्ही घेत होते. शिवाय झोपेची गोळी आणि लघवीसाठी प्रोस्टेटची गोळी. गेल्या वर्षात ते दोनदा पडले होते, दोन्ही वेळा पहाटे, लघवीला उठताना. मी त्यांचा रक्तदाब आडवा, आणि मग उभं करून मिनिटा-मिनिटाने घेतला. वरचा आकडा १३४ वरून १०२ वर उतरला. तिथेच उत्तर मिळालं. औषधं एकाच डॉक्टरच्या नजरेखाली आणली, झोपेची गोळी हळूहळू सोडवली. त्यानंतर ते पडल्याचं मी ऐकलं नाही.

तुम्हीही ती पिशवी डॉक्टरांकडे न्या आणि उभं करून रक्तदाब घ्यायला आवर्जून सांगा. वजन सहा किलो उतरलंय, तर जुना डोस आता जास्त होत असू शकतो. स्वतःहून मात्र कुठलीच गोळी थांबवू नका. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मग उभं राहायचं. पलंगापासून संडासापर्यंत छोटे दिवे. बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा, कारण टॉवेलचा दांडा माणसाचा भार पेलत नाही. घासून गुळगुळीत झालेली स्लीपर आजच टाका.

कान आणि डोळे राहू देऊ नका. स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणं अशी मांडली की ज्यांच्यावर आयुष्यभर काम केलं तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. त्यांत ऐकू कमी येणं आहे, दिसणं मंदावणं आहे, एकटेपणा आहे, रक्तदाब, मधुमेह, व्यायामाचा अभाव, तंबाखूही आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीत बोलायचा थांबतो, मग बैठकीलाच जात नाही. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघत बसू नये. आई मिश्री लावत असतील तर ती सोडवा, आणि तोंडात पंधरा दिवसांत न भरणारी जखम दिसली तर लगेच दाखवा. फ्लू आणि न्यूमोनियाची लस दोघांसाठी विचारून घ्या.

माणसांचं मोल मला वारीने शिकवलं. माउलींची पालखी लोणंदला येते तेव्हा मी काही वर्षं आरोग्यसेवेच्या तंबूत बसते. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. एका वर्षी पायाला फोड आलेल्या ७६ वर्षांच्या एक आजी आल्या. मी स्टूल पुढे केलं, तर त्या सरळ सतरंजीवर मांडी घालून बसल्या, आणि मलमपट्टी झाल्यावर जमिनीला हात न लावता उठल्या. मी विचारलं, घरी काय करता? म्हणाल्या, ‘काय न्हाई बाई, भांगलाय जाती, दोन म्हशी हायती.’ जे चालू शकतात तेच वारीला येतात, हे मला कळतं. तरीही भांगलताना, म्हणजे शेतातलं तण काढताना, दिवसभर उकिडवं बसणं-उठणं, डोक्यावर भारा, आणि संध्याकाळी दिंडीतल्या पन्नास बायकांबरोबर फुगडी, यात ताकद, तोल आणि सोबत तिन्ही आहेत. शहरातल्या सोफ्यावर ते मुद्दाम घडवून आणावं लागतं.

म्हणून आईंना एकटीने व्यायाम करायला सांगू नका. शेजारच्या दोघी-तिघींना दुपारी चार वाजता बोलवा, टॉवेलची गुंडाळी प्रत्येकीने आपली आणायची. वडील शिक्षक होते, तर खुर्चीची उठ-बस गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात इतरांना शिकवायचं काम त्यांच्याकडे द्या. शिकवायचं म्हटलं की ते स्वतः एक दिवसही चुकवणार नाहीत.

रविवारी मोजलेले सेकंद, पोटरीचा घेर आणि वजन एका वहीत तारखेसह लिहा, दोघांचंही. तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा आणि मला आकडे कळवा. आईंचे सुरुवातीला पाच वेळा पूर्ण होणार नाहीत कदाचित. दोन झाले तर दोन लिहा.